मॅक्युलाखाली रक्त उतरलं तर: पहिल्या दिवसापासून पुढे काय करायचं

मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, वयोमानामुळे झिजण्याच्या आजारात (मॅक्युलर डीजनरेशन) नजर सहसा हळूहळू उतरते. कधीकधी मात्र ती एका रात्रीत जाते. सकाळी उठल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी गडद डाग दिसतो आणि आजूबाजूचं सगळं ठीक दिसत असतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही येत नाही. त्यामुळे घरचेही म्हणतात, "बघू दोन दिवस." नेमके तेच दोन दिवस महागात पडतात.

या आजाराच्या ओल्या प्रकारात पडद्यामागच्या कोरॉइड नावाच्या थरातून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वर चढतात. त्या गळतात आणि एखादी फुटली की रक्त पडद्याखाली साचतं. ते बरोबर मॅक्युलाच्या मध्यात, म्हणजे वाचायला, चेहरे ओळखायला आणि सुईत दोरा ओवायला लागणाऱ्या जागी साचलं, तर मधली नजर जाते.

इथून पुढे डॉक्टरांपुढे दोन वेगळी कामं असतात. साचलेलं रक्त मध्यातून हटवणं हे एक, आणि ज्या वाहिनीतून ते आलं तिला आवरणं हे दुसरं. पहिलं काम थोड्या दिवसांचं असतं आणि काहींना त्याची गरजही पडत नाही. दुसरं बहुतेकांना लागतं, तेही वर्षानुवर्षं. नातेवाइकांचे जवळजवळ सगळे प्रश्न पहिल्या कामाबद्दल असतात आणि नजर पुन्हा जाते ती बहुधा दुसऱ्यात ढिलाई झाल्यामुळे. म्हणून हा लेख दोन्ही कामांबद्दल असला तरी थोडा दुसऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे.

आधी घरी

वाचायचा चष्मा लावा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि दुसऱ्याने दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा चौकटीच्या वहीचं पान बघा. मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघण्यात अर्थ नाही, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचा दोष झाकून टाकतो. मध्येच काळा, तपकिरी किंवा लालसर डाग आहे का? रेषा वाकड्या दिसतात का? कागदावर डागाचं अंदाजे चित्र काढा आणि तो कधी लक्षात आला ते शेजारी लिहा. "काल संध्याकाळी टीव्ही बघताना ठीक होतं, आज सकाळी नाही" एवढी नोंदही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. "बरेच दिवस झाले असावेत" यावरून उपचार ठरवणं अवघड जातं.

मग फोन करा. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासण्यात दिवस घालवू नका. थेट पडद्याच्या डॉक्टरांकडे त्याच दिवसाची, फार तर दुसऱ्या दिवसाची वेळ मागा. फोनवर "धूसर दिसतंय" एवढंच सांगितलं तर पुढच्या आठवड्यातली तारीख मिळू शकते. "मॅक्युलाचा आजार आहे, अचानक मध्ये काळा डाग आलाय, अमुक वाजल्यापासून" असं सांगितलं तर समोरचा माणूस सावध होतो.

सोबत चालू गोळ्यांची यादी, आधीच्या ओसीटीचे, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनचे, कागद आणि डोळ्यात आधी इंजेक्शनं झाली असतील तर शेवटच्याची तारीख घ्या. गाडी स्वतः चालवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. त्याबद्दल पुढे सांगतो. आणि हे रक्त विरघळवणारा कोणताही ड्रॉप नाही. कोणी सुचवलाच तर त्यात वेळ घालवू नका.

घाई कशासाठी

पडद्याखालचं रक्त तीन प्रकारे नुकसान करतं. गुठळी होताना त्यात फायब्रिनचे धागे तयार होतात. ते प्रकाश टिपणाऱ्या पेशींना चिकटतात आणि गुठळी आकसू लागली की त्या पेशी ओढल्या जातात, फाटतात. दुसरं म्हणजे रक्तातलं लोह सुटं होतं आणि ते पेशींना विषारी ठरतं. तिसरं, या पेशींना प्राणवायू आणि पोषण मागून मिळतं. मध्ये रक्ताचा जाड थर आला की तो पुरवठा अडतो.

१९८२ साली ग्लॅट आणि मॅकमर यांनी सशांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगात पडद्याखाली रक्त सोडल्यावर एका दिवसातच पेशींवर परिणाम दिसू लागला होता आणि आठवड्याभरात नुकसान गंभीर झालं होतं. माणसाचा डोळा सशाचा नव्हे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, पण दिशा तीच. व्यवहारात डॉक्टर साधारण १४ दिवसांची मर्यादा धरतात. तोवर गुठळी पातळ करून सरकवता येण्याची आशा असते. त्यानंतर ती घट्ट होते आणि तिच्या जागी व्रणासारखा चट्टा तयार होऊ लागतो. म्हणून चौदावा दिवस ही मुदत समजू नये. तिसऱ्या दिवशी केलेला उपचार बाराव्या दिवसापेक्षा जास्त नजर वाचवण्याची शक्यता असते.

तपासणीत काय बघतात

बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून पडदा पाहिला जातो. इथे रंग बरंच सांगतो: पडद्याच्या लगेच खालचं ताजं रक्त लाल, त्याहून खोल, आरपीई या रंगद्रव्याच्या थराखालचं गडद किंवा हिरवट, आणि जुनं होत चाललेलं पिवळट. मग ओसीटी. रक्त किती जाड आहे, कोणत्या थरात आहे आणि मॅक्युलाच्या अगदी मध्याखाली गेलंय का, हे त्यात दिसतं. थर महत्त्वाचा, कारण पडदा आणि आरपीई यांच्यामधलं रक्त सरकवता येतं. आरपीईखाली अडकलेलं सहसा हलत नाही.

नेहमीच्या, फ्लुओरेसिन रंगाच्या अँजिओग्राफीत जाड रक्त मागचं दृश्य झाकून टाकतं. इंडोसायनिन ग्रीन हा दुसरा रंग इन्फ्रारेड प्रकाशात बघितला जातो आणि तो रक्ताच्या थरातूनही बऱ्यापैकी दिसतो. ही तपासणी सांगितली तर "एक अँजिओग्राफी झाली ना, मग दुसरी कशाला" म्हणून टाळू नका. तिच्यातून पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपॅथी, म्हणजे पीसीव्ही, पकडली जाते. या प्रकारात वाहिन्यांच्या टोकांना फुगे येतात आणि ते फुटले की मोठा रक्तस्राव होतो. आशियाई वंशाच्या लोकांत हा प्रकार जास्त आढळतो आणि त्याचा उपचार थोडा वेगळा आहे. वयस्कर, रक्तदाब असलेल्या माणसात पडद्याच्या धमनीवरचा फुगा फुटूनही असंच चित्र दिसू शकतं. तो मॅक्युलर डीजनरेशनचा भागच नसतो. रक्त पुढे व्हिट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्यातल्या जेलीत, उतरून पडदा दिसेनासा झाला असेल तर सोनोग्राफी करतात.

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: रक्त मध्याखाली आहे का, किती जाड आहे, आणि ते कुठून आलं असावं. या तीन उत्तरांवरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

कोणाला काय

रक्त पातळ असेल, थोडंच असेल किंवा मध्यापासून दूर असेल, तर बहुतेक वेळा फक्त व्हीईजीएफ, म्हणजे नव्या वाहिन्या वाढवणारं प्रथिन, रोखणारी इंजेक्शनं देतात. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब, बेव्हॅसिझुमॅब ही त्यातली प्रचलित नावं. अमेरिकेतल्या कॅट नावाच्या मोठ्या चाचणीत ज्यांच्या विकृत भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा रक्ताचा होता, अशा डोळ्यांचे इंजेक्शनांनंतरचे निकाल इतर डोळ्यांसारखेच आले. रक्त बघून लगेच ऑपरेशनकडे धावू नये, हे त्यावरून पटतं. फार जाड आणि पसरलेल्या रक्ताला मात्र तो निष्कर्ष सरसकट लावता येत नाही.

रक्त जाड, मध्याखाली आणि ताजं असेल तर ते सरकवण्याचा विचार होतो. त्याचे दोन मार्ग आहेत: दवाखान्यातच डोळ्यात गॅस सोडणं, बहुधा टीपीए या गुठळी विरघळवणाऱ्या औषधासह, किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातली जेली काढण्याचं ऑपरेशन, करून टीपीए थेट पडद्याखाली सोडणं. यातलं चांगलं कोणतं, यावर डॉक्टरांतही एकमत नाही. फ्रान्समधल्या स्टार नावाच्या चाचणीत ९० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली आणि नजरेच्या सुधारणेत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यात बसलाय आणि जे लवकर होऊ शकतं, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. "मोठं ऑपरेशन म्हणजे मोठा फायदा" हा समज इथे चालत नाही.

महिना-दोन महिने उलटून गेले असतील आणि डाग पिवळा-पांढरा पडला असेल, तर सरकवण्यात हशील नसतं. तेव्हा वाहिनी जिवंत असेल तर इंजेक्शनं आणि उरलेल्या नजरेचा वापर शिकणं, एवढंच हातात राहतं.

जुन्या काळी पडदा उघडून रक्त आणि वाहिन्यांचं जाळं बाहेर काढत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या सबमॅक्युलर सर्जरी ट्रायल्समधल्या ३३६ रुग्णांच्या अभ्यासात त्याने नजर टिकण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट ऑपरेशन झालेल्या १६ टक्के डोळ्यांत पडदा सुटला; नुसत्या देखरेखीखालच्या गटात हे प्रमाण २ टक्के होतं. तेव्हापासून रक्त उपसण्यापेक्षा बाजूला सरकवण्याकडे कल गेला.

गॅस सोडतात म्हणजे काय

डोळा ड्रॉप्सने किंवा छोट्या इंजेक्शनने बधिर करतात आणि पोव्हिडोन आयोडीनने धुतात. ते नंतर चुरचुरतं, पण जंतुसंसर्ग टाळण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो, तेव्हा "कमी घाला" म्हणू नका. पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाते. टीपीएचं प्रमाण २५ ते ५० मायक्रोग्रॅम असतं. हार्ट अटॅकमध्ये हेच औषध शिरेतून १०० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे डोळ्यातला डोस त्याच्या दोन हजारांश किंवा त्याहून कमी. इतका कमी ठेवण्याचं कारण म्हणजे जास्त प्रमाणात ते पडद्याला अपाय करतं.

मग साधारण ०.३ मिलिलिटर गॅस. सल्फर हेक्झाफ्लुओराइड आत गेल्यावर एक-दोन दिवसांत फुगून सुमारे दुप्पट होतो, परफ्लुओरोप्रोपेन तीन दिवसांत चौपट. गॅस गेल्या गेल्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून पुढच्या भागातून थोडं पाणी काढतात आणि लगेच विचारतात, "बोटं किती दिसतात?" हा प्रश्न औपचारिक नसतो. दाबाने पडद्याची मुख्य धमनी बंद पडली नाही ना, हे त्यातून कळतं. काहीच दिसत नसेल, अगदी प्रकाशही नाही, तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा.

व्हीईजीएफचं इंजेक्शन अनेकदा त्याच बैठकीत देऊन टाकतात.

मान खाली

इथून पुढचं काम रुग्णाचं. गॅस नेहमी वर जातो. मान खाली घातली की डोळ्याचा मागचा भाग वर येतो, बुडबुडा मॅक्युलावर दाबतो आणि खालचं रक्त कडेला पळतं. किती दिवस आणि किती तास, हे डॉक्टर सांगतील; बहुधा एक ते काही दिवस जागेपणीचा बहुतेक वेळ. काही डॉक्टर पूर्ण पालथं न सांगता बसून मान तिरकी खाली ठेवायला सांगतात, म्हणजे रक्त खालच्या बाजूला उतरतं. शेजारच्या रुग्णाला वेगळं सांगितलं म्हणून गोंधळू नका, आपल्याला सांगितलेलंच करा.

टेबलावर उशी ठेवून कपाळ टेकवून बसणं पालथं झोपण्यापेक्षा बहुतेकांना झेपतं. डोळ्यावर दाब येऊ देऊ नका. टेकवायचं ते कपाळ. तासाला पाच-दहा मिनिटं उठून चाला, खांदे फिरवा. जेवायला, औषध घालायला आणि शौचाला उठण्याची बहुधा मुभा असते. मानेचा, कमरेचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधीच सांगा. अर्धवट पाळलेली मान काही उपयोगाची नाही, असं मानून सगळंच सोडून देणारे लोक असतात. तसं करू नका. जमेल तेवढं केलेलंही कामाला येतं.

बुडबुडा रुग्णाला उलटा दिसतो. तो डोळ्यात वर असतो, पण नजरेत खाली हलणारी काळी रेषा दिसते, गवंड्याच्या लेव्हलमधल्या पाण्यासारखी डोलणारी. दिवसागणिक ती खाली उतरते, मग एक गोल थेंब उरतो आणि शेवटी तोही जातो. सल्फर हेक्झाफ्लुओराइडला साधारण दोन आठवडे लागतात, परफ्लुओरोप्रोपेनला सहा ते आठ. रक्त खाली सरकलं असेल तर मधला काळा डाग नजरेत वरच्या बाजूला गेल्यासारखा वाटतो. ते चांगलं लक्षण आहे.

गॅस पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास बंद, उंच घाटांतला आणि डोंगरातला प्रवासही बंद. वर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. याच काळात दुसरं कुठलं ऑपरेशन किंवा दाताचं काम निघालं, तर भूल देणाऱ्याला डोळ्यात गॅस आहे हे सांगा; नायट्रस ऑक्साइडने तो फुगतो. मनगटावर पट्टा दिला असेल तर काढू नका. उताणं झोपू नका, बुडबुडा भिंगाला लागून मोतीबिंदू वाढू शकतो.

व्हिट्रेक्टॉमी

रक्त फार जाड किंवा खूप पसरलेलं असेल, किंवा जेलीतही उतरलं असेल, तर ऑपरेशनकडे झुकतात. बारीक छिद्रांतून जेली काढतात, ४१ गेजच्या अतिसूक्ष्म नळीने टीपीए पडद्याखाली सोडून रक्ताभोवती पाण्याचा फुगवटा करतात आणि शेवटी डोळ्यात हवा किंवा गॅस भरतात. नंतर मान ठेवण्याचे नियम साधारण तेच. स्वतःचं भिंग असलेल्यांना पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मोतीबिंदू होण्याची शक्यता मोठी असते, हे गृहीत धरून चाला. गॅस आणि ऑपरेशन या दोन्हींनंतर काहींना सरकलेलं रक्त जेलीत येऊन सगळंच धुरकट दिसू लागतं. ते घाबरवतं, पण बऱ्याचदा आपोआप निवळतं किंवा धुऊन काढता येतं.

यातली कोणतीही गोष्ट झाल्यावर दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होत गेला, उजेड सहन होईना किंवा दिसत होतं तेही कमी झालं, तर रात्र असली तरी फोन करा. आतला जंतुसंसर्ग दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे साधारण एकदा होतो, पण झाल्यावर तासातासाला नजर जाते. पांढऱ्या भागावर लाल ठिपका, दिवसभर चुरचुर आणि औषधाचे तरंगते बारीक बुडबुडे हे मात्र नेहमीचं आहे.

इंजेक्शनं: लांब पल्ल्याचं काम

रक्त सरकलं, थोडं दिसू लागलं आणि इथेच बरेच लोक थांबतात. वाहिनी मात्र तिथेच असते. साधारणपणे सुरुवातीला महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं देतात. मग ओसीटी कोरडा राहिला तर अंतर दोन-दोन किंवा चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतात, आणि पुन्हा द्रव किंवा रक्त दिसलं की कमी करतात. कोणाचं बारा आठवड्यांवर टिकतं, कोणाचं सहावर. "मला शेजाऱ्यांपेक्षा जास्त लागतात" यात उपचार फसल्याचं काही नाही. ती वाहिनी तेवढी चिवट आहे.

पुढची तारीख दवाखान्यातून निघण्याआधी घ्या आणि सोबत येणाऱ्यालाही द्या. वयस्कर माणूस "आज बरं दिसतंय, कशाला मुलाची सुट्टी मोडायची" म्हणून तारीख पुढे ढकलतो, हे इतकं नेहमीचं आहे की घरच्यांनी त्यावर आधीच तोडगा काढून ठेवावा. नेणारी माणसं दोन ठरवावीत, एक नव्हे.

पीसीव्ही असेल तर व्हर्टेपोर्फिन औषध आणि लेसर वापरून करायची फोटोडायनॅमिक थेरपी जोडली जाऊ शकते. एव्हरेस्ट-२ चाचणीत रॅनिबिझुमॅबला ही थेरपी जोडल्यावर वर्षभरात सुमारे ६९ टक्के डोळ्यांतले फुगे पूर्ण मिटले, फक्त इंजेक्शनांनी सुमारे ३५ टक्के. प्रत्येकाला ती लागतेच असं नाही, पण प्रश्न विचारण्यासारखा आहे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या

वॉरफरिन, अपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या घेणाऱ्यांत रक्तस्राव झाला तर तो मोठा असू शकतो. तरी त्या हृदयासाठी किंवा मेंदूसाठी दिलेल्या असतात. डोळ्यापायी पक्षाघात ओढवून घेण्यात काय अर्थ? गोळी बदलायची, कमी करायची की तशीच ठेवायची, हे डोळ्याच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. इंजेक्शनं तर बहुधा गोळी चालू ठेवूनच देतात. वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप, तपासून घ्या, रक्तदाब मोजत राहा आणि बिडी-सिगारेट सोडा.

किती दिसेल

आधी मॅक्युला किती झिजला होता, रक्त किती जाड होतं आणि किती दिवस तिथे राहिलं, यावर ते ठरतं. काहींना पुन्हा वाचता येतं, काहींची फक्त मधल्या डागाची धार बोथट होते. खरा अंदाज तीन ते सहा महिन्यांनी येतो. पहिल्या आठवड्यातल्या नजरेवरून निराश होऊ नका आणि हुरळूनही जाऊ नका. कडेची नजर सहसा शाबूत राहते, त्यामुळे माणूस घरात वावरतो, फिरतो. वाचनासाठी भिंगं, अक्षरं मोठी करणारी उपकरणं, बोलणारा फोन यांची मदत लवकर घ्यावी, "आणखी काही होत नाही" असं ऐकल्यानंतर नव्हे.

एक गोष्ट डॉक्टर कधीकधी सांगायची विसरतात. मधली नजर गेलेल्या काही माणसांना नसलेली चित्रं दिसतात: नक्षी, फुलं, कधी छोटी माणसं. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. डोक्यात बिघाड झाला, असं वाटून लोक महिनोन्‌महिने गप्प राहतात. माहिती कमी मिळू लागल्यावर मेंदू स्वतःच चित्रं भरतो, एवढाच तो प्रकार. घरात विचारा, विचारलं की माणूस बोलतो.

या आजाराच्या सुक्या, म्हणजे नव्या वाहिन्या नसलेल्या, प्रकारासाठी दिल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वं-जस्त-ल्युटीनच्या गोळ्यांनी हे रक्त हटत नाही आणि इंजेक्शनाची जागाही त्या घेत नाहीत. दुसऱ्या डोळ्यात मध्यम टप्प्याचे बदल असतील तर डॉक्टर त्या देऊ शकतात.

त्या दुसऱ्या डोळ्याकडेच शेवटचं लक्ष. एका डोळ्यात ओला प्रकार झाला की दुसऱ्यात होण्याचा धोका वाढलेला असतो. अ‍ॅम्सलरचा चौकटीचा कागद फ्रिजवर किंवा आरशाशेजारी चिकटवा. रोज सकाळी वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, हातभर अंतरापेक्षा थोडं जवळून मधल्या ठिपक्याकडे बघा. एखादी रेष वाकली, चौकट गायब झाली किंवा पुसट पडली तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या भेटीची तारीख चार दिवसांवर आली असली तरी.